टिगच्या शेजारी एक छोटं मिग
(रोजनिशीतील पाने)

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार, तळेगाव ढमढेरे

न्हावरे रस्त्याच्या एका वस्तीवरून आणखी एका गोठ्याचं काम आलं. आपला शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो आणि बिबट्याच्या धास्तीने जो तो गोठा बंदिस्त करून मागतोय. चारी बाजूंनी अँगल, त्यावर वेल्डमेशची जाळी, पुढे कडीकोयंड्याचं गेट. घराला लागून ऊस असला की शेळ्या उघड्यावर बांधायला कुणी धजत नाही.

काम चांगलं आहे, पण ते टिगचं काम नव्हे. आमचं टिगचं वेल्डिंग मशीन ३१५ अँपिअरचं, थ्री फेज, एसी-डीसी. रांजणगाव एमआयडीसीतली स्टेनलेसची कामं, दूध डेअरीच्या पाइपा, अॅल्युमिनियमची भांडी यांसाठी घेतलेलं. तिथे त्याला तोड नाही. पण जस्त चढवलेल्या जाळीजवळ टंगस्टन नेलं की जस्ताची वाफ उठते, टोक काळं होतं, आर्क भरकटतो. की पुन्हा टोक घासायला बसा. शिवाय एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर. जाळी धरायची कुणी?

१४ डिसेंबर, रविवार

पुतण्या म्हणतो, "काका, रॉड आहे की आपला. टिगच्याच मशीनवर होल्डर लावू न् मारू." खरं आहे, टिगचं मशीन रॉडलाही चालतं. जाड कामाला आम्ही तेच करतो. पण जाळीची तार तीन मिलिमीटरची. रॉडने जरा रेंगाळलं की तार तुटते, नाही रेंगाळलं तर रॉड चिकटतो. वर प्रत्येक टाक्याची पपडी झाडा. १६ गेजच्या चौकोनी पाइपलाही तेच, भोक पडलं की बुजवत बसायचं.

म्हणून मिगच्या मशीनचा विचार. त्यात वायर आपोआप पुढे येते. खटका दाबला, टाका बसला, खटका सोडला. दुसरा हात मोकळा.

मिग हे मोठ्या कारखान्यांचं काम अशी आमच्या चुलत्यांची समजूत होती. तसं पाहिलं तर टिगचा जन्म विमानाच्या कारखान्यातला. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला ते उभं केलं. मिग १९४८ चं, तेही आधी अॅल्युमिनियमसाठीच आणि महागड्या गॅसवर. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी त्यात कार्बन डायऑक्साइड वापरला आणि ते साध्या लोखंडाच्या आवाक्यात आलं. आपल्याकडे कामगार अजून त्याला 'सीओटू'च म्हणतात.

१७ डिसेंबर, बुधवार

पुण्याला, बोहरी आळीत मशीन पाहायला. दुकानदार 'थ्री इन वन'वर अडून बसलेला: मिग, रॉड आणि टिग, तिन्ही एका खोक्यात. मी विचारलं, यातल्या टिगला एसी आहे का? नाही. हाय फ्रिक्वेन्सी? नाही, टंगस्टन जॉबला टेकवून उचलायचं. म्हणजे अॅल्युमिनियम गेलंच, आणि स्टेनलेसला घरचं मशीन याच्यापेक्षा कितीतरी बरं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला हे खोकं ठीक. ज्याच्या शेडमध्ये टिग उभं आहे त्याने तेच हलकं करून दुसऱ्यांदा का विकत घ्यावं? रॉडची सोय मात्र असू द्यावी, शिवारात लागते.

पाटीवरचं '२०० अँपिअर' सगळ्यांचं सारखं. खालची बारीक ओळ कुणी दाखवत नाही. ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विसावा, तोही ४० अंश हवा धरून. वैशाखात आमच्या पत्र्याखाली यापेक्षा जास्तच भरतं. एका मशीनला २०० वर फक्त २० टक्के होते. ते २०० म्हणजे निव्वळ पाटीची शोभा.

२० डिसेंबर, शनिवार

आज विजेचा हिशेब केला. खरी निवड इथेच होते असं माझं मत झालं आहे.

लहान मशीन म्हणजे कमी वीज, हा समज चुकीचा. टिगचा आर्क २०० अँपिअरला साधारण १८ व्होल्टवर चालतो, मिगचा २४ वर, रॉडचा २८ वर. म्हणजे आकडा तोच असला तरी मिगच्या आर्कला ४.८ किलोवॉट, टिगच्या आर्कला ३.६. त्यात मोठं टिग तीन फेजांवर भार वाटून घेतं, हे बिचारं छोटं मिग सगळं एकाच फेजवरून ओढणार. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही धरले तर २३० व्होल्टवर तीस अँपिअरच्या वर जातं. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला जोडलं तर आधी सॉकेट जळेल.

वस्तीवर जाऊन मीटर लावला. खांबापासून वायर लांब, शेजारी मोटार चालू. १८५ व्होल्ट! बहुतेक मशीनं वरखाली १५ टक्के सोसतात, म्हणजे खाली १९५ पर्यंत. १८५ वर मिग नीट चालणार नाही. तेव्हा चौकटी शेडमध्ये बांधायच्या, पिकअपमधून न्यायच्या आणि तिथे नटबोल्टने कसायच्या. उरलंसुरलं रॉडने, मोटार बंद करून.

मग सिंगल फेज कशाला, असं पुतण्याने विचारलं. शेडमध्ये थ्री फेज आहेच की. पण गावात एक फेज जाणं काही नवं नाही. फेज गेला की टिग थंड आणि आम्ही चहा पीत बसलेले. सिंगल फेजचं मशीन उरलेल्या फेजवर चालेल.

२४ डिसेंबर, बुधवार

गॅस. घरात आर्गॉनचं सिलिंडर आहे, तेच मिगला लावू हा मोह सगळ्यांनाच होतो. लोखंडावर शुद्ध आर्गॉनने मिगचा आर्क डळमळतो, टाका उंच बसतो आणि कडेला खाच पडते. उलट सीओटू टिगला लावलं तर टंगस्टन जळून जाईल. सिलिंडरं दोन हवीतच. ८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू असं मिश्रण मिळतं, त्याने शिंतोडे कमी उडतात. पण गोठ्याच्या अँगलला नुसतं सीओटू पुरे. स्वस्त, आणि आत शिरकावही चांगला. रेग्युलेटर हीटरचा घ्यायचा. गॅस सारखा चालला की साधा गोठतो.

जाळीच्या जस्ताबद्दल पोरांना पुन्हा सांगितलं. त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. गूळ खुशाल खावा, पण टाक्याच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने काढावं, मास्क लावावा आणि पंखा पाठीमागून न ठेवता बाजूने ठेवावा. फार जोराचा पंखा टाक्यावर आला तर गॅस उडून टाक्यात भोकं पडतात, तेही पाहावं लागतं.

२८ डिसेंबर, रविवार

ओळखीच्या वर्कशॉपमध्ये २०० अँपिअरचं मिग चालवून पाहिलं. ०.८ ची वायर, शंभरच्या आसपास अँपिअर. जाळी, १६ गेज पाइप, पाच मिलिमीटरचा अँगल, सगळं झकास. मग मुद्दाम ट्रॉलीच्या हूकसारखा जाड तुकडा जोडला. टाका दिसायला इतका देखणा की फोटो काढावा. शिकंज्यात धरून घण घातला तर अख्खा सुटून आला, खालचं लोखंड जसंच्या तसं. वायर वितळली होती, पाटा वितळलाच नव्हता. टिगमध्ये असं लपत नाही, कारण आधी लोखंडाचा डबरा झालेला डोळ्यांना दिसतो, मग आपण फिलर घालतो. मिग वरून गुळगुळीत राहून फसवतं. ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यावर सुटली तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, याचा विचार करूनच या मशीनवर कामं द्यायची.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

मशीन आज आणायचं नाही हे ठरलेलंच होतं. कोरेगाव भीमा आणि पेरण्याला जयस्तंभाच्या अभिवादनासाठी लाखोंची गर्दी. पुणे–नगर रस्त्याची वाहतूक दरवर्षीप्रमाणे वळवलेली. दिवसभर अँगल कापून ठेवले.

४ जानेवारी, रविवार

मशीन आलं. सिंगल फेज, २०० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी, रॉडची सोय असलेलं, पाच किलोचं वायरचं रीळ बसणारं. एक किलोच्या रिळावर किलोमागे भाव जास्त पडतो, आणि पंधरा किलोचं उघडलेलं रीळ पावसाळ्यात गंज धरतं. गंजकी वायर लायनरमध्ये अडकते. पत्र्याच्या गाळ्याला ३२ अँपिअरची वेगळी एमसीबी आणि जाड वायर टाकून घेतली, अर्थिंगही नव्याने केलं.

वाटणी शेडच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे: जाळी, पाइप आणि सहा मिलिमीटरपर्यंतचा अँगल मिगला. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम टिगला. ट्रॉलीचे हूक, नांगराचे दांडे आणि ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे असं सगळं मोठ्या मशीनवर, ७०१८ च्या कोरड्या रॉडने.