ओटा नसलेले घर

आपल्या समाजाला स्थलांतर नवे नाही. आमचे घराणे मारवाडातून वऱ्हाडात आले ते कापसाच्या मागे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग शेगाववरून १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा निघाला. कापसामागे रेल्वे, रेल्वेमागे पेढ्या आणि पेढ्यांमागे आपली माणसे, असा तो क्रम होता. त्यातलेच आमचे पणजोबा सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याला येऊन टेकले.

पणजोबा आधी एकटेच आले. लग्न देशी, म्हणजे मारवाडात झाले आणि मुकलावा होऊन पणजी मागाहून आली. घरात तिची कथा पुष्कळदा सांगितली जाई. बोली वेगळी, पाणी वेगळे, बाजरीच्या जागी ज्वारी. परंतु एक गोष्ट सांगणाऱ्याच्या कधी ध्यानातही येत नसे : ती आली तेव्हा चूल पेटलेली होती. जाते, घडवंची, पाणी भरणारे माणूस आणि हाताखाली घेणारी चुलत सासू, सारे अगोदरच जागेवर होते. तिला माणसांत रुळायचे होते. संसार मांडायचा नव्हता.

आमच्या धाकट्या कन्येचे नेमके उलटे झाले. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तिने व जावईबापूंनी भाड्याचे घर घेतले आणि दूरध्वनीवर तिने पहिली बातमी दिली ती अशी : "पप्पा, घर चांगले आहे, पण ओटा नाही." मला वाटले, ओटा लहान असेल. प्रत्यक्षात त्या खोलीत नळाचे तोंड, विजेची जोडणी आणि चार भिंती एवढेच होते. जर्मनीत पुष्कळ घरे अशीच भाड्याने मिळतात; ओटा, कपाटे, शेगडी, भांडी धुण्याची मोरी हे सर्व भाडेकरूने आणायचे आणि घर सोडताना उचलून न्यायचे किंवा पुढच्याला विकायचे. सौ. ने हे ऐकले आणि दिवसभर तिला जेवण गोड लागले नाही.

लग्नाची हकिकत त्याआधीची. कन्या तेथे पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली होती. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी त्या देशात अठरा महिने राहण्याचा परवाना मिळतो. त्यातले दहा महिने सरले होते. जावईबापू जळगाव जिल्ह्यातल्या आपल्याच समाजातले, अभियंता, तेथे ब्लू कार्डावर नोकरीत. दोन्ही घरांना स्थळ पसंत होते. प्रश्न उरला तो लग्न कोठे आणि केव्हा करायचे, एवढाच.

जर्मनीत विवाह नोंदवायचा तर जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला आणि त्यांची पडताळणी लागते. परदेशी कागदांवर 'अपॉस्टिल' नावाचा शिक्का मारून ते ग्राह्य धरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत भारतात २००५ पासून लागू आहे. परंतु भारताच्या या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने आपला शिक्का तेथे चालत नाही. कागद त्यांच्या वकिलातीमार्फत गावोगाव तपासले जातात आणि त्यात महिने जातात. कन्येच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी होती, जशी त्या काळच्या अनेक दाखल्यांत असे. ते नाव भरून घेण्यापासून सुरुवात होती. आपल्या वकिलातीत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यान्वये लग्न करण्याचाही एक मार्ग आहे. त्यात वर किंवा वधू यांपैकी एकाचे त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात तीस दिवस वास्तव्य हवे, मग नोटीस आणि हरकतींसाठी आणखी तीस दिवस.

मुलांनी तिसराच मार्ग काढला, डेन्मार्कचा. तेथील कुटुंबविषयक सरकारी कार्यालय कागद पाहून एक प्रमाणपत्र देते. ते चार महिने चालते आणि तेवढ्या मुदतीत तेथील कोणत्याही नगरपालिकेत विवाह करता येतो. जर्मनीत राहणारी अनेक परदेशी जोडपी याच वाटेने जातात. सीमेलगतचे टोंडर हे लहानसे गाव त्यासाठी प्रसिद्धच आहे.

व्याहींना हे मुळीच रुचले नाही. "भाऊसाहेब, कागदासाठी लग्न करायचे का?" असे त्यांनी मला विचारले. प्रश्न बोचरा होता, पण गैर नव्हता. मी त्यांना म्हणालो, आपण दुकानाला जागा घेतो तेव्हा आधी खरेदीखत करतो आणि नंतर वास्तुपूजन करतो. वास्तुपूजनाचे महत्त्व त्याने कमी होते काय? त्यांचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झाले होते असे नाही. मुलीचे लग्न आणि आपण तेथे नाही, ही गोष्ट कोणत्याही दाखल्याने हलकी होत नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही ते लग्न भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले. मुलीने सौ. ची लग्नातली चुनडी घेतली होती. अधिकारी बाईंनी दोघांना एकेक प्रश्न विचारला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि पंधरा मिनिटांच्या आत सारे आटोपले. बाहेर येऊन दोघांनी हात जोडून नवकार म्हटला. मोठ्या काकीने विचारले, "मांगलिक कोणी दिले?" कोणीच दिले नव्हते. काकी उठल्या, देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि त्यांनी स्वतः मंगलपाठ म्हटला. फोन तेव्हा चालू होता की बंद, हे त्यांनी पाहिलेही नाही.

धार्मिक विधी सोनाळ्यात फेब्रुवारीत झाला. तो केवळ हौसेचा नव्हता. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने होणाऱ्या लग्नात विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मुलांचे लग्न दुसऱ्या देशाच्या कायद्याने झाले होते, ही बाब वेगळी; पण व्याहींना हा निकाल वाचून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा प्रथमच खुलला.

खरी बोलणी झाली ती खर्चाची. मुंबई-नाशिककडच्या पाहुण्यांसह हजार-बाराशे पाने उठवायची त्यांची इच्छा होती. मी बँकेत पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली आहेत. सवयीने कागद घेतला. घराची अनामत, जी तेथील कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, ओटा व कपाटे, पलंग, धुलाईयंत्र, पहिल्या सहा महिन्यांची गंगाजळी. या सगळ्यांची बेरीज एका दिवसाच्या भोजनखर्चाहून कमी भरली. व्याही व्यापारी माणूस, आकडा त्यांना लगेच कळला. पाने तीनशेवर आली आणि उरलेली रक्कम दोन्ही घरांनी निम्मी-निम्मी धाडायची ठरली. निवासी भारतीयाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवण्याची मुभा आहे. जवळच्या नातलगाला भेट हे कारण त्यात बसते.

येथे मी एक अट घातली आणि ती सोडली नाही. रक्कम जाईल ती दोघांच्या संयुक्त खात्यात. घराच्या करारावरही दोघांची नावे असतील. व्याहीणबाईंना हे अविश्वासाचे वाटले. मी त्यांना पणजीचे उदाहरण दिले नाही, आपल्याच शाखेत पाहिलेली प्रकरणे सांगितली : नवऱ्याच्या एकट्याच्या नावचे खाते, आणि अचानक काही घडल्यावर परक्या शहरात दूधवाल्याच्या बिलालाही मोताद झालेली सुशिक्षित मुलगी. पतीच्या परवान्यावर जाणाऱ्या मुलीला तेथे काम करण्याचा हक्क आहे की नाही, हे तर तिथी काढण्याआधी विचारावे. अमेरिकेत एच-४ वर गेलेल्या पत्नींना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती आणि अजूनही ती काहींनाच मिळते. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कोणतेही काम करता येते. कन्येला लग्नानंतर तीन महिन्यांनी नोकरी लागली. मग करवर्गाचा प्रश्न आला. एकाने तिसरा व दुसऱ्याने पाचवा वर्ग घेतला तर महिन्याला हाती अधिक येते, पण पाचव्या वर्गातल्याचा निव्वळ पगार घटतो, आणि पुढे बाळंतपणानंतर मिळणारा पालकभत्ता निव्वळ पगारावरच ठरतो. दोघांनी चौथा-चौथा घेतला. हा निर्णय त्यांचा. मी फक्त तक्ता मांडून दिला.

येथील बाजूही निस्तरावी लागते, आणि ती आपल्याकडे फार राहून जाते. परदेशी स्थायिक होणाऱ्याचे साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. ते अनिवासी, म्हणजे एनआरओ करून घ्यावे लागते. त्याच्या व्याजातून तीस टक्के आणि वर उपकर कापला जातो. तिकडची कमाई इकडे ठेवायची तर एनआरई खाते वेगळे, त्याचे व्याज येथे करमुक्त. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत राहू शकते, पुढे वाढवता येत नाही. दागिने आम्ही नेऊ दिलेच नाहीत : विमानाने युरोपात उतरताना ४३० युरोंपलीकडच्या नव्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. सेट लॉकरमध्ये आहे, लॉकर कन्येच्या व सौ. च्या नावावर.

जावईबापूंनी ओटा स्वतः बसवला. फळ्या, स्क्रू आणि चित्रांची पुस्तिका घेऊन तीन शनिवार-रविवार खपले. एक दरवाजा अजून तिरपा आहे. बटाट्याच्या त्या देशात कंदमूळ वर्ज्य करून राहणे जमेल का, ही सौ. ची काळजी होती. तो प्रश्न सोपा निघाला, डाळी आणि कोबी-फ्लॉवर सर्वत्र मिळतात. अवघड निघाला सूर्य. डिसेंबरात तेथे चार वाजता सूर्यास्त होतो, म्हणजे चौविहार पाळायचा तर कचेरीतच डबा उघडावा लागतो. सकाळी सूर्योदय साडेआठनंतर, नवकारसी सव्वानऊच्या पुढे. कन्या आठवड्यातून दोन दिवस पाळते, जावईबापू पर्युषणात. मोठ्या काकींनी यावर काही म्हटले नाही, फक्त डब्यात काय असते ते विचारले.

येत्या जूनमध्ये आम्ही दोघे जाणार आहोत. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यासाठी तीस हजार युरोंचा आरोग्यविमा काढला आहे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. आमच्या वयाला इतक्या उशिरापर्यंत जेवणाची मुभा काय कामाची? सौ. ची बांधाबांध आतापासून सुरू आहे : केरसांगरी, मूगवड्या, पापड, सोनाळ्याच्या शेतातली तूरडाळ. घरचे तूप मात्र नेता येत नाही, दुग्धजन्य पदार्थ त्यांच्या सीमेवर काढून घेतात. तिने ते दोनदा मला विचारून खात्री करून घेतली आणि तरीही बरणी यादीतून अजून खोडलेली नाही.