औषध पाजलं होतं

पंचवीस वर्षं जनावरांवर उपचार करताना मी एक गोष्ट धरून चाललो होतो. जंताचं औषध लागू पडलं नाही, तर चूक पाजणाऱ्याची. वासरानं अर्धं थुंकलं असेल, नाहीतर मालकानं पाजलंच नसेल.

मावळातल्या एका मावशींच्या गोठ्यात पावसाळ्यात पाच कालवडी खंगत होत्या. पातळ शेण, उभे केस, एकीच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं. अल्बेंडाझोल दिलं, मग फेनबेंडाझोल. उतार पडेना. "मावशी, नीट पाजलंत ना?" मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुमच्याच हातानं पाजा."

मी चिडलो. माझंच खरं करून दाखवायचं म्हणून तपासणीला लागलो. छातीचा घेर मोजून वजनं काढली. ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. म्हणजे आजवरचा डोसच कमी पडत होता. प्रत्येकीचं शेण घेतलं, मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळलं आणि मॅकमास्टर स्लाइडवर तरंगून आलेली जंतांची अंडी मोजली. ग्रॅममागे सरासरी ८००. मग पूर्ण डोस स्वतः पाजला. १४ दिवसांनी पुन्हा मोजली. ६५०. औषध चालत असतं, तर निदान ९५ टक्के अंडी घटायला हवी होती.

मी सगळं पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना, कारण वर बघितलं की मावशी समोर दिसणार होत्या. मी ज्यांना तीनदा खोटं ठरवलं, त्या पहिल्यापासून खरं बोलत होत्या.

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही दोन्ही औषधं एकाच कुळातली. एकाला न जुमानणारे जंत दुसऱ्यालाही सहसा जुमानत नाहीत. मी नुसती बाटली बदलत होतो. या कुळातलं थायबेंडाझोल १९६१ साली आलं आणि १९६४ पर्यंत मेंढ्यांतले जंत त्याला दाद देईनासे झाले, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. गोठ्यात मात्र दर तीन महिन्यांनी सगळ्या जनावरांना अपुरा डोस देऊन तसलेच चिवट जंत मी पोसले.

लेव्हामिसॉल वेगळ्या कुळातलं. ते दिल्यावर कालवडी सावरल्या. मी मावशींची माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला, विषय काढला नाही.

जनावरांना औषध देणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. वजन मोजा. औषधाआधी आणि नंतर शेण तपासा. पाजणाऱ्यावर शंका त्यानंतर घ्या.