क्यू भरलाय की रिकामा?

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी ताईचा फोन. "तुझा भाचा दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. डेटा स्ट्रक्चर्स राहिलाय त्याचा. जरा समजाव." आता दिवसभर स्क्रीनसमोर बसायचाच पगार घेणाऱ्या माणसाने हे समजवायचं म्हणजे कमालच! पण मामा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी स्वारी बॅग घेऊन दारात हजर. आधी फोन बघितला (त्याला विचारून हो!). अपेक्षा रील्सची होती, निघालं भलतंच. टेलिग्रामवर नोट्सचे चार चॅनल, जुने पेपर, यूट्यूबवर एनपीटीईएलची लेक्चर्स सेव्ह केलेली आणि वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. म्हटलं, हा तर माझ्यापेक्षा सिन्सिअर आहे.

सहज विचारलं, "सर्क्युलर क्यूमध्ये फ्रंट आणि रिअर एकाच जागी आले, तर क्यू भरलाय की रिकामा?"

"पीडीएफ आहे मामा त्याची."

"पीडीएफ नको, तू सांग."

शांतता.

"मग ग्रुपवर विचार की."

"वेडा आहेस का? ७० जण आहेत. सगळ्यांना वाटेल, ह्याला एवढंही येत नाही."

मी गप्पच झालो. कारण नेमका हाच प्रश्न मी २००६ साली ऑर्कुटवर विचारला होता. दहावीपर्यंत मराठी मीडियम, वर्गात इंग्रजीतून शंका विचारायची हिंमत नव्हती. मग नेट कॅफेत बसून एका कम्युनिटीत रोमन लिपीत मराठी बडवलं. प्रोफाइलला फोटो गुलाबाच्या फुलाचा. कोण ओळखतंय!

एका अनोळखी सीनियरने उत्तर दिलंच नाही. उलट लिहिलं, कागदावर पाच घरं काढ, एकेक आकडा टाक, एकेक काढ आणि काय होतं ते इथे सांग. मनातल्या मनात शिव्या घालत काढली घरं. तेव्हा कळलं, की भरलेला असो वा रिकामा, दोन्ही वेळा फ्रंट-रिअर एकाच घरात येऊन बसतात. म्हणून एक घर मुद्दाम रिकामं ठेवायचं, नाहीतर आत किती आकडे आहेत ते वेगळं मोजायचं.

२०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं. माझा प्रश्न, त्या सीनियरचं उत्तर, गुलाबाचं फूल, सगळं गेलं. डोक्यातली पाच घरं मात्र अजून आहेत.

भाच्याकडे माझ्या शंभरपट मटेरियल आहे. माझ्याकडे फक्त ते फूल होतं, त्याच्यामागे लपून बावळट प्रश्न विचारता यायचा. ह्याच्या ग्रुपवर मात्र नाव, नंबर, सगळं उघडं. तसं मी तरी ऑफिसच्या ग्रुपवर "मला कळलं नाही" असं शेवटचं कधी लिहिलं? आठवत नाही. असो.

ताईने सांगितलेलं समजावणं राहिलंच. त्याला फक्त ही ऑर्कुटची गोष्ट सांगितली. रात्री सव्वाअकराला पठ्ठ्याने प्रश्न टाइप केला, खोडला, परत टाइप केला आणि एकदाचा पाठवला. पाच मिनिटं काहीच नाही. बिचाऱ्याचा चेहरा बघवेना.

मग एक मेसेज आला. "मला पण हाच डाउट आहे." मग दुसरा. मग तिसरा. उत्तर कोणालाच येत नव्हतं!

"मामा," तो म्हणाला, "एक कागद दे."