रोलरने न बसणारं लॉन

लॉनवर चालताना पाय दबू लागला की बहुतेक ठिकाणी आधी रोलर मागवला जातो. जमीन भुसभुशीत झाली आहे, दाबली की बसेल, असा त्यामागचा हिशोब असतो. माझ्या मते बहुतेक वेळा दबते ती जमीन नसतेच. खात्री करायची तर धारदार सुरीने चार बोटं खोल तुकडा कापून काढावा. वर हिरवी पाती, खाली माती आणि मधे तपकिरी, तंतुमय, दाबला की बसणारा आणि सोडला की पुन्हा फुगणारा थर दिसतो. याला थॅच म्हणतात. अर्ध्या इंचापर्यंतचा थर चांगलाच, तो ओलावा धरतो. त्याहून जाड झाला की मुळं मातीत उतरायचं सोडून त्यातच पसरतात, आणि दोन दिवस पाणी चुकलं तरी लॉन पिवळं पडतं. रोलरने खालची माती घट्ट होते, तिच्यातली हवा कमी होते, आणि हा थर कुजवणाऱ्या जिवाणूंना तर हवाच लागते. म्हणजे रोलर दुखणं वाढवतो.

थर साठतो, कारण गवत वाढण्याचा वेग कुजण्याच्या वेगापुढे जातो. आपल्याकडची हरळी, तिची सिलेक्शन वन ही निवड, मेक्सिकन गवत, सगळी आडव्या खोडांनी पसरतात, आणि लिग्निन असलेली ही खोडं सावकाश कुजतात. त्यात भरपूर युरिया, रोजचं वरवरचं पाणी आणि गांडुळांनाही न सोडणारी कीटकनाशकं, मग थर चढणारच. कापलेलं गवत तिथेच पडू दिल्याने हे होतं असा समज आहे, पण पाती बहुतांशी पाणी असतात, लवकर कुजतात. वेळच्या वेळी कापणी होत असेल तर तो दोष त्यांचा नाही. मेक्सिकन मुळातच मऊ आणि उंचसखल असतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे पायाच्या स्पर्शावर विसंबू नये, थर मोजावा.

थर पातळ असूनही पाय दबत असेल, तर गवत मुठीत धरून ओढावं. चटईसारखं उचललं गेलं आणि खाली पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. तिने मुळंच खाल्लेली असतात. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे वेचून मारणं हा सर्वांत स्वस्त उपाय. अळ्या नसतील आणि खड्ड्यात पाणी साचत असेल, तर प्रश्न निचऱ्याचा आहे.

थॅच काढायचा तो थंडी सरून गवत जोमात आल्यावर, फेब्रुवारीअखेरीपासून पुढे, पाण्याची सोय पाहून. भर पावसात चिकट काळ्या मातीवर यंत्र फिरवू नये. उभ्या पात्यांचं यंत्र किंवा छोट्या लॉनला दणकट दंताळं पुरतं. हरळी जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते, म्हणून ती जोराची खरवड सोसते. मेक्सिकन मंद वाढतं, त्याला टप्प्याटप्प्याने हात घालावा. मग त्याच जागेची चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत यांचा पातळ थर द्यावा, शेंडे वर दिसतील इतकाच. त्यामुळे उरलेल्या थॅचमध्ये मातीतले जिवाणू पोहोचतात. गोल्फच्या ग्रीनवर नुसती वाळू टाकतात, मग इथे का नको? कारण तिथे खालचा थरही वाळूचाच असतो. काळ्या मातीवर वाळूचा वेगळा थर बसला की पाणी दोन्हींच्या सांध्यावर अडतं. त्यानंतर युरिया निम्म्यावर आणावा आणि रोज शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, वीतभर माती भिजेपर्यंत पाणी द्यावं.