आधी उजेड, मग आयएसओ

चि. मंदार,


तुझं पत्र आणि जत्रेचं चित्रण एकदमच मिळालं. रात्रभर जागून तू दशावतार टिपतोस याचं मला फार अप्रूप आहे. पण शेवटी लिहिलंयस, ‘३२०० ला इतक्या मुंग्या आल्या, आता पुढच्या नाटकाला आयएसओ ८०० वर आणतो.’ ते वाचून मी लगेच लिहायला बसले. असं अजिबात करू नकोस!

अरे, मुंग्या, म्हणजे नॉइज, येतात त्या उजेड कमी पडला म्हणून. उजेड चौपट मिळाला की चित्राच्या मानाने नॉइज निम्म्यावर येतो. आयएसओ वाढवून किंवा उतरवून सेन्सरवर उजेडाचा एक कणही जास्त पडत नाही. तू चित्र अंधारं घेतलंस आणि एडिटला बसून दोन स्टॉप वर ओढलंस. त्याच्याबरोबर मुंग्याही वर आल्या. संकासुराच्या काळ्या वेषात तर दुसरं काही दिसेना.

फाइलची माहिती उघडून पाहिली. शटर १/२००? सेकंदाला २५ फ्रेम घेताना १/५० ठेवायचं, हे तुला मागेच सांगितलं होतं. तीन चतुर्थांश उजेड तिथेच गेला. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, १/५० ला मांडवातले बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत. लेन्स एफ/४ वर होती, ती २.८ वर आण, आणखी दुप्पट मिळेल. एवढं केल्यावरच आयएसओकडे वळ.

तुझ्या सोनी ए७एस ३ ला एस-लॉग३ मध्ये दोन मूळ आयएसओ आहेत, ६४० आणि १२,८००. १२,८०० ला सेन्सरची व्यवस्थाच बदलते, म्हणून ६४०० पेक्षा तिथलं चित्र स्वच्छ येतं. तुला पटणार नाही. घरी एका दिव्याखाली दोन्ही घेऊन बघ. उजेड भरपूर असेल तर ६४०, नाहीतर सरळ १२,८००. चेहरा एखादा स्टॉप उजळच घे, झेब्रावर नजर ठेव, आणि नंतर खाली आण.

पण मला खरा त्रास झाला तो तू नंतर जे केलंस त्याचा. मुंग्या घालवायला डीनॉइज इतका चढवलास की राजाचा चेहरा मेणाचा झाला. रंगपटात आरसा धरून नटाने स्वतः रेखलेली भुवई पुसट, कपाळावरचा घाम गायब. स्त्रीपार्ट्याच्या गालावर रंगाखालून उमटणारी दाढीची निळसर छटा, तीही गेली. मंदार, या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संवाद उभ्या उभ्या सुचतात, तेच आख्यान दुसऱ्या गावात दुसऱ्या शब्दांत होतं. त्या रात्रीचं तुझ्याकडे आहे तेवढंच उरणार. त्यात थोडे दाणे राहिले तर राहू देत, माणूस पुसला जाता कामा नये. हल्ली लग्नाच्या चित्रणातसुद्धा आजीच्या सुरकुत्या घासून काढतात. उद्या नातवंडांना आजी ओळखू तरी येईल का? म्हणून सांगते, कॅमेऱ्यातली मूळ फाइल कधीही पुसू नकोस. दोन वेगळ्या डिस्कवर ठेव, त्यातली एक माझ्याकडे पाठव.

मोठे एलईडी पॅनेल नेण्याचा विचारही सोड. पखवाजाच्या तालावर लढाई चाललेली असताना डोळ्यांत झोत गेला आणि कोणाचा पाय चुकला तर? कंपनीच्या मालकांना विचारल्याशिवाय एक दिवाही लावायचा नाही.

संकासुर करणाऱ्या आजोबांचा आवाज या वेळी मला थकलेला वाटला. त्यांचं नाटक याच हंगामात पुन्हा घे, पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. आणि दहीकाला झाला की तसाच जागरणाच्या डोळ्यांनी बाईकवर आंबोली घाट चढायला निघतोस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. सावंतवाडीत दुपारपर्यंत झोप काढ, जेव, मग नीघ. कोल्हापूरला पोचलास की आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी