शिलकीतला वेग

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल-निळे दिवे लावलेली महागडी मशिन्स येतात. खरं तर हा उद्योग मुळात पैसे कमी असलेल्यांचा. ज्याला महागडी चिप परवडते तो कशाला बायोसमध्ये डोकं घालून बसेल? म्हणून आजचा लेख स्वस्त प्रोसेसरवर, आणि तोही वसई-विरारच्या उन्हाळ्यात पंख्याखाली चालणाऱ्या.

आधी थोडं गणित. प्रोसेसरचा वेग म्हणजे एक साधा गुणाकार. मदरबोर्ड एक ठोका देतो, प्रोसेसर त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतो. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला, त्याचा हिशोब असा : ६६.६६ मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले साडेचार, झाले ३००. गुणक कुलूपबंद होता, पण ठोका मदरबोर्डच्या हातात. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर तो १०० करता यायचा. १०० गुणिले साडेचार, ४५०! त्याच महिन्यात इंटेलचाच पेंटियम टू ४५० बाजारात आला होता, चौपटीहून जास्त किमतीला. शिवाय ३००ए ची १२८ केबी कॅश चिपच्या पोटातच होती आणि पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची ५१२ केबी होती खरी, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. त्यामुळे ४५० वर नेलेला हा धाकटा भाऊ बऱ्याच कामांत थोरल्याच्या बरोबरीने पळायचा.

मी तेव्हा बालवाडीतसुद्धा नव्हतो. पण इंजिनियरिंगला असताना लॅमिंग्टन रोडला फेऱ्या व्हायच्या (विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलला उतरून चालत जायचं). तिथल्या एका जुन्या दुकानदारापुढे सहज ३००ए चं नाव काढलं, तर त्याने गिऱ्हाईक बाजूला ठेवून चहा मागवला होता. :)

आता खरा प्रश्न. ३०० म्हणून विकलेली चिप ४५० ला पळते, म्हणजे हा जास्तीचा वेग येतो कुठून? माझ्या मते शिल्लक दोन प्रकारची असते, आणि या दोहोंची गल्लत करू नये.

पहिली शिल्लक बाजाराची. एका कारखान्यात, एकाच पद्धतीने हजारो चिप्स निघतात. तपासणीत त्यांची प्रतवारी होते. पण उत्पादन सुधारत जातं तशा चांगल्या चिप्स जास्त निघायला लागतात, आणि बाजाराला मात्र स्वस्त माल जास्त हवा असतो. मग चांगल्या चिपवरही कमी आकडा छापून ती स्वस्तात विकली जाते. म्हणजे अंगात ताकद असते, फक्त लेबल खालचं.

दुसरी शिल्लक सुरक्षेची. चिप कुठल्या घरात जाणार हे कंपनीला माहीत नसतं. एसीच्या ऑफिसात जाईल, नाहीतर पत्र्याखालच्या दुकानात. म्हणून छापलेला आकडा वाईटात वाईट परिस्थितीतही चालेल असा ठेवतात. वीज थोडी हलली, पंख्यात धूळ साठली, चिप पाच-सात वर्षं जुनी झाली, तरी हिशोब चुकता कामा नये.

३००ए दंतकथा झाला तो पहिल्या शिलकीमुळे. आज ती फारशी उरलेली नाही. एक तर कंपन्यांनी कुलपं घट्ट केली. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलने मूळ ठोका बाकीच्या सर्किटशी असा बांधला की तो वाढवायला वावच राहिला नाही. गुणक मोकळा हवा असेल तर के अक्षराची महाग चिप घ्या. आणि दुसरं म्हणजे आजचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतात. टर्बो काय, बूस्ट काय, तापमान आणि वीज बघून जेवढं पळता येईल तेवढं ते आधीच पळत असतात.

अपवाद राहिले ते अगदी तळातले. २०१४ चा पेंटियम जी३२५८ तसा होता, ३.२ गिगाहर्ट्झ आणि गुणक मोकळा. नोव्हेंबर २०१९ मध्ये एएमडीने ॲथलॉन ३०००जी आणला. किंमत ४९ डॉलर, दोन कोर, चार थ्रेड, ३.५ गिगाहर्ट्झ, बूस्ट नाही, गुणक मोकळा. बूस्ट नाही म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, हे उघड.

आमच्या नालासोपाऱ्याच्या मावशीकडे हाच ३०००जी आहे. ऑनलाइन कॉलेजच्या दिवसांत, २०२१ ला, मावसभावासाठी घेतलेला. पण दिवसभर त्यावर बसतात काका. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, क्लासच्या प्रश्नपत्रिका असं डीटीपीचं काम. घर त्याच्यावर चालतं. या मे महिन्यात भावाने विचारलं, "दादा, ३.९ वर नेऊ का? बोर्ड बी४५० आहे, होतं." (ए३२० बोर्ड असता तर प्रश्नच मिटला होता, त्यावर गुणक हलवता येत नाही.)

होतं, हे खरंच. पण किंमत बघा. चिपची उष्णता ठोक्याच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ३.५ वरून ३.९ ला जायला व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. वेग वाढला ११ टक्के. उष्णता? १.१२५ चा वर्ग गुणिले १.११, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के जास्त. आणि हवेवर चालणारा कूलर कितीही भारी असला तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. लोक २० अंशांच्या खोलीत विक्रम करतात. मे महिन्यात दुपारी दोनला काकांच्या खोलीत ३५ असतात. ते पंधरा अंश आपण सुरुवातीलाच हरलेले असतो. वर खाडीची दमट हवा, धूळ, आणि लाइट जाऊन आली की इन्व्हर्टरचा झटका. कंपनीने ज्या वाईट परिस्थितीसाठी शिल्लक ठेवली, ती परिस्थिती म्हणजे आपलं घर!

मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. पण काठावर चाललेला प्रोसेसर कधी कधी बंद न पडता चुकतो. एखादा बिट उलटा होतो, फाइल सेव्ह होते, आणि चूक कळते ती छापखान्यात, किंवा फाइल उघडतच नाही. गेममध्ये एक पिक्सेल हिरवा दिसला तर कोण विचारतंय? पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली तर काकांचं गिऱ्हाईक गेलं.

म्हणून एका शनिवार-रविवारी बसून मोजलं. काकांचं काम आधी वेगळ्या हार्ड डिस्कवर काढलं, ती तारेसकट कपाटात. मग प्राइम९५ लावला. हा प्रोग्रॅम अवजड गणितं करून उत्तरं ताडून बघतो, त्यामुळे न कळणारी चूकही पकडली जाते. ३.९ वर शनिवारी रात्री दोन तास सुरळीत. तीच सेटिंग्ज, रविवारी दुपारी, चाळिसाव्या मिनिटाला चूक. मशीन मात्र आरामात चालू! मग ३.८, व्होल्टेज मूळचंच, हाताने बांधून दिलेलं (ऑटोवर सोडलं तर बोर्ड स्वतःच चढवत बसतो). भर दुपारी तीन तास, एकही चूक नाही.

काकांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या तासातली किती मिनिटं वाचतात?" गणिताने पाच. तेही प्रोसेसर तासभर सलग राबला तरच. काकांच्या तासातला बराचसा वेळ टायपिंगचा आणि गिऱ्हाइकाच्या फोनचा. ते म्हणाले, "मग आहे तसंच बरं."

भावाचा प्रश्न मात्र गेमचा होता, आणि त्याचं उत्तर प्रोसेसरच्या वेगात नव्हतंच. ३०००जी चं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, आणि मशीनमध्ये रॅमची एकच स्टिक होती. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला २१ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलना लावल्या तर ४२. दुसरी स्टिक लावल्यावर गेम जो सुधारला, तो ३.८ ने कधीच सुधारला नसता. आता बायोसमध्ये दोन प्रोफाइल आहेत. कामाच्या दिवशी ३.५. सुट्टीत, काकांची डिस्क काढून ठेवल्यावर, ३.८.

ओव्हरक्लॉक करू नका असं मी म्हणत नाही. माणसाने एकदा तरी करावं, मशीन आतून कळतं. फक्त फुकट मिळालेला वेग कुठल्या शिलकीतून काढलाय ते बघावं. बाजाराची असेल तर खुशाल घ्या, तुमचीच आहे. सुरक्षेची असेल तर त्या मशीनवर कोणाचं काम चालतं, त्याला आधी विचारा. आणि चाचणी रात्री नको. मे महिन्यात, दुपारी दोनला.