पायाला बांधलेली चिठ्ठी

रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की केजच्या शिवारात भोरड्यांचे थवे कोसळायचे. गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियात पिल्लं वाढवून हिवाळ्यासाठी इकडे उतरणारा हा पक्षी. आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. थवा शेजारच्या वावरावर जायचा आणि घटकाभराने परत. पण भोरड्यांचं पहिलं दर्शन कोणत्या साली कधी झालं, हे त्यांना पाठ असे. एका साली दसऱ्याच्या आधी दोन दिवस, एका साली वसुबारसेला. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं.

लिहिलेलं मात्र टिकतं. १९३१-३२ साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. पाहणी म्हणजे बंदूकही आलीच. पक्षी छऱ्याने पाडायचा, कातडं अलगद सोडवायचं, आतून सोमल लावायचा, कापूस भरायचा. हे वाचताना मला आजही कसंसं होतं. तरी त्या कातड्यांवरून पक्ष्यांचे भेद ठरले, चोची नि पंख मोजले गेले, हे नाकारता येत नाही. या साऱ्यात मला मोलाची वाटते ती पायाला बांधलेली चिठ्ठी : जागा, तारीख, नर की मादी. चिठ्ठी हरवली, तर उरतात नुसती पिसं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, ते योग्यच झालं. चिठ्ठीची गरज मात्र संपलेली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा आपल्याच तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. काठावर येणारे चक्रवाक, शेकाटे, धोबी त्या साली कुठे गेले? मी धरणावर अनेकदा गेलो, भेगाळलेला गाळ पाहिला, हळहळलो. लिहून मात्र काहीच ठेवलं नाही. आज कुणी विचारलं, तर माझ्याजवळ त्या वर्षाची एक ओळ नाही. ही चूक मला फार लागते.

म्हणून आता खिशात वही असते. माळावर टिटवी अंडी घालते, तो दिवस लिहितो. चंडोल गात वर चढतो, तो दिवस लिहितो.

यंदा तुमच्या वावरात पहिली भोरडी दिसेल, त्या दिवशी गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याआधी त्यांना विचारा.